शाळेच्या गेटची किल्ली कुणाकडे असते?

वाडीवरचा
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहतो. धाकटी गावातल्याच सरकारी मराठी शाळेत चौथीत आहे. मी एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीवर आहे. आजवरचं काम म्हणजे पंधरा ऑगस्टला खुर्च्या लावणं आणि मिरगाआधी कौलं परतून घेणं.

गेल्या सोमवारी दुपारी स्वयंपाकाच्या खोलीत शेगडीच्या नळीनं पेट घेतला. जेवण करणाऱ्या मावशींनी ओलं पोतं टाकलं, रेग्युलेटर फिरवला, विझलं. दोन मिनिटांचा खेळ. पण धूर बघून बाईंनी सगळ्या वर्गांना बाहेर काढलं, पोरं पळत गेटपर्यंत आली आणि तिथंच थांबली. गेटला कुलूप. किल्ली हेडमास्तरांच्या पिशवीत, आणि हेडमास्तर मीटिंगला तालुक्याला.

कुलूप का होतं? मागच्या वर्षी व्हॉट्सअपवर मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून बोंब उठली, तेव्हा आम्ही पालकांनीच हट्ट करून लावून घेतलं. ठराव मीच मांडला होता. मागचं गेट परड्यातली जनावरं आत येतात म्हणून विटा रचून बुजवलंय. तेही आमच्याच संमतीनं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मला दोन रात्री झोप नाही. तुमच्याकडे काय व्यवस्था आहे? आग, पूर, साप, अनोळखी माणूस, काहीही. आणि मुख्य म्हणजे किल्ली कुणाकडे असते?

बंटी टिळकवाडी
आमच्याकडे वॉचमनकडे. वॉचमन कुणाकडे ते विचारू नका.

निवृत्त गुर्जी
वाडीवरचे, ठराव तुम्ही मांडलात हे कबूल केलंत, याबद्दल आधी शाबासकी. एसडीएमसीत असं कुणी बोलत नाही.

माझी सगळी नोकरी चिकोडी आणि निपाणी भागात गेली. लहानपण निपाणीतच. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होतो. फळीवरची भांडी धडाधड खाली आली आणि आईनं आम्हाला ओढत अंगणात नेलं. पहाटे चारचा सुमार, म्हणून शाळा रिकामी. किल्लारीचाही ३० सप्टेंबर १९९३ चा असाच, पहाटे चारच्या आसपास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर. भूजचा मात्र २६ जानेवारी २००१ ला, पोरं झेंडावंदनाला निघाली होती तेव्हाच. अंजारात प्रभातफेरीतली मुलं अरुंद गल्लीत सापडली.

म्हणजे आपल्याकडच्या शाळा वाचल्या त्या वेळेनं वाचल्या, तयारीनं नव्हे. भूकंप पहाटेच येतो असं काही ठरलेलं नाही.

वडगावकर
गुर्जी, बेळगावात भूकंप? काय सांगूलास बे, सॉरी, काय सांगताय. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. शाळेत साप निघाला की सर काठी घेऊन जायचे आणि आम्हाला अर्धी सुट्टी. तरी जगलो की.

निवृत्त गुर्जी
जे जगले तेच इथं प्रतिसाद लिहितायत, वडगावकर. आणि आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये मोडतो.

एकटी बाई
हा धागा वाचून हसू आलं आणि रडूही. मी खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला एका शाळेत शिक्षिका आहे. पाच वर्ग, शिक्षिका एक, ती मी.

मध्ये वरून निरोप आला, शाळा सुरक्षा आराखडा भरून पाठवा. तक्त्यात आपत्ती व्यवस्थापन समिती, तिच्याखाली पथकं. अध्यक्ष: मी. शोध व बचाव पथक: मी. प्रथमोपचार पथक: मी. अग्निशमन पथक: मी आणि स्वयंपाकाच्या मावशी. सूचना प्रसारण: मी, रेंज असल्यास. पंधरा मिनिटांत तक्ता भरला, शिक्का मारला, फोटो काढून पाठवला. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

तेव्हा आराखडा नाही असं म्हणू नका. आराखडा सगळीकडे आहे. कपाटात आहे.

आमच्याकडची खरी आपत्ती म्हणजे आग्या मोहोळ. शाळेमागच्या सावरीवर दरवर्षी बसतं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दगड मारला आणि माश्या उठल्या. मला एवढंच ठाऊक होतं की पळायचं नाही तर आत जायचं. सगळ्यांना एका खोलीत कोंबलं, खिडक्यांना दप्तरं लावली. सात पोरांना चावल्या, मला अकरा ठिकाणी. नांगी नखानं खरवडून काढली, कारण चिमटीत धरली की उरलेलं विष आत दाबलं जातं असं आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंनी पूर्वी सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून मार्चमध्ये पोरांना मोहोळाचा सराव देते. टाळी वाजवली की सगळे दोन नंबरच्या खोलीत. त्यांना तो खेळच वाटतो. तक्त्यात मोहोळाला रकाना नव्हता.

किल्ली: आम्हाला गेटच नाही.

बंटी टिळकवाडी
शोध व बचाव पथक: मी 😂 बाई, दंडवत.

बंबवाला
सत्तावीस वर्षं अग्निशमन दलात काढली, आता निवृत्त. थोडं कडू बोलेन.

वाडीवरचे, तुमच्या मावशींना पुढच्या सभेत नारळ द्या. ओलं पोतं आणि रेग्युलेटर, या क्रमानं डोकं चालणं सोपं नाही. पण लक्षात ठेवा, नळी पेटली ती दिसली तरी. न पेटता गळते तेव्हा जास्त भीती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला की दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हीत ठिणगी पडते. दारं उघडायची, सिलिंडर शक्य तर मोकळ्यावर न्यायचं, १९०६ ला फोन.

शाळेत भिंतीवर लाल नळकांडं असतं ना, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते उद्या जाऊन बघा. पैजेवर सांगतो, दहात सहांचा नसेल. आणि हिरव्यात असला तरी ते फार तर दहा-पंधरा सेकंद चालतं. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, वरच्या ज्वाळांवर नाही, मूठ दाबायची आणि झाडू मारल्यागत फिरवायची. एकदा तरी रिकामं करून बघितल्याशिवाय हे हाताला येत नाही. रिफिलच्या दिवशी फेकून देण्याऐवजी शिक्षकांकडून वाजवून घ्या, फुकटचं प्रशिक्षण होतं.

आता कुलूप. १६ जुलै २००४, तामिळनाडूतलं कुंभकोणम. शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली. चौऱ्याण्णव मुलं गेली. जिना अरुंद, बाहेर पडायला वाट नाही. त्यावरूनच सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि २००९ साली निकाल आला: शाळांना अग्निशामक साधनं, राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे बांधकाम, शिक्षकांना प्रशिक्षण. नोकरीत असताना मी तो निकाल खिशात घेऊन फिरायचो. लोक म्हणायचे, साहेब, आमची शाळा कौलारू आहे, झावळ्यांची नाही.

आमची गाडी तालुक्याच्या गावातून तुमच्या वाडीला यायला वेळ लागणारच. पहिली दहा मिनिटं तुमचीच.

मार्कंडेयकाठ
बंबवाल्यांशी सहमत, पण कुलूप अगदीच उघडं ठेवा म्हणणं परवडत नाही. माझी मुलगी शहरातल्या शाळेत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण झालं तेव्हा आमच्या वर्गातले पालक थरथर कापत होते. कोण येतं, कोण जातं, मुलीला स्वच्छतागृहात कोण नेतं, हेसुद्धा सुरक्षा नियोजनच आहे की नाही? तिकडे महाराष्ट्रात सीसीटीव्ही सक्तीचे केले. इथं आम्ही पालकांनी वर्गणी काढून चार कॅमेरे लावले.

बंबवाला
चांगलं केलंत. कॅमेऱ्याकडे बघतं कोण?

मार्कंडेयकाठ
... हेडमास्तरांच्या खोलीत टीव्ही आहे.

बंटी टिळकवाडी
त्यावर क्रिकेट लागतं.

दूधगंगा
माझं गाव निपाणी तालुक्यात, नदीला लागून. आमच्याकडे साप, मोहोळ सगळं दुय्यम. आमची आपत्ती तारीख सांगून येते, जुलै-ऑगस्ट.

गंमत बघा, आमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी चढतं. पाऊस पडतो काळम्मावाडीच्या धरणाकडे, तिथून सोडलं की पायऱ्या बुडायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या खिडकीच्या गजापर्यंत पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा. शाळा बंद होती म्हणून पोरं घरात, आणि घरं पाण्यात.

पाणी उतरल्यावर दार उघडलं तर बेंच एकमेकांवर चढलेले, नकाशे लगदा, आणि जनरल रजिस्टर म्हणजे नुसता खळीचा गोळा. तुम्हाला वाटेल कागदच तर गेला. पण आमच्या सीमाभागात जुन्या शाळेचं रजिस्टर म्हणजे जन्मतारीख, जात, मातृभाषा सगळं. आजोबांच्या दाखल्यासाठी लोक पुण्याहून येतात. आता हेडमास्तर एक जुलैला रजिस्टरं प्लॅस्टिकच्या डब्यात घालून ग्रामपंचायतीच्या माडीवर ठेवतात. साधी गोष्ट, पण ती सुचायला दोन पूर लागले.

दुसरं, पूर आला की उंचावरच्या शाळेत लोक येऊन राहतात. शेजारच्या गावची शाळा महिनाभर बंद राहिली, कारण वर्गात माणसं आणि पडवीत म्हशी. लोकांना बाहेर काढा असं कोण म्हणणार? पण सुरक्षा आराखड्यात शाळा ही जागा असते. पोरांचं शिकणं कुठं हलवायचं ते त्यात कुठंच नसतं.

वडगावकर
पुरात लोकांना जिथं ठेवतात त्या सरकारी केंद्रांना आधी गंजी केंद्र म्हणायचे. माझ्या पुण्याच्या मेव्हण्यानं फोन केला, म्हणे पुरात तुम्हाला गंजी वाटतात का, बनियन? गवताची गंजी का? म्हटलं, नाही बाबा, कन्नडात गंजी म्हणजे पेज. नंतर नाव काळजी केंद्र झालं. हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच.

कोरा कागद
शब्दांचा विषय निघालाच आहे तर मुद्द्याचं बोलतो. मराठी शाळेच्या भिंतीवर फलक कुठल्या भाषेत आहे? 'तुर्तु निर्गमन'. कन्नडात तुर्तु म्हणजे तातडीचं. आपल्या आजीला वाचून दाखवा, ती म्हणेल, तूर्त निर्गमन, म्हणजे सध्यापुरते जा आणि परत या. परिपत्रक कन्नडात, आराखड्याचा तक्ता कन्नडात. आमच्या पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि—

खानापूरचा हणमंत
झालं, आला विषय. कोराभाऊ, आमची पोरं पहिलीपासून कन्नड शिकतात, चौथीतला पोरगा फलक घडाघडा वाचतो. उगा प्रत्येक धागा तिकडं नेऊ नका.

कोरा कागद
चौथीतला वाचतो. पहिलीतला? अंगणवाडीतला? आणि दुपारी धूर बघून पळत येते ती आजी?

खानापूरचा हणमंत
पहिलीतल्याला मराठीतला पण वाचता येत नाही की.

एकटी बाई
भांडू नका, तोडगा सांगते. फलकावर अक्षर नकोच. मी दारापासून पटांगणातल्या आंब्यापर्यंत चुन्यानं पावलं काढलीत. पावलं वाचायला शिकावं लागत नाही. पावसाळ्यात पुसतात, मग पोरंच पुन्हा काढतात.

कोरा कागद
बाईंपुढे बोलायची सोय नाही. तरी दोन्ही भाषांत फलक हवा हे माझं मत कायम.

खानापूरचा हणमंत
ते मान्य. आता अवांतर, पण बाईंच्या जंगलावरून आठवलं. ऑगस्ट २०२२ चा बेळगावचा बिबट्या कुणाला आठवतो? आधी जाधव नगरात, मग गोल्फ मैदानात. वीसहून जास्त शाळांना किती दिवस सुट्टी. शिवमोग्याकडच्या सक्रेबैल हत्ती छावणीतून हत्ती आणले, पिंजरे लावले, बिबट्या काही हाती लागला नाही. आमच्याकडे कणकुंबी-जांबोटीच्या वाटेवर पोरं अस्वलाच्या रानातून चालत शाळेला जातात, त्यांना कधी सुट्टी नाही.

बंटी टिळकवाडी
माझा भाचा तेव्हा रोज रात्री देवापुढे बिबट्यासाठी हात जोडायचा. सापडू नये म्हणून.

निपाणीची सून
उशिरा लिहितेय. वर मुलं पळवणाऱ्यांचा उल्लेख आला, त्यावर कुणी बोललं नाही म्हणून. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी होते ते. त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकात बिदरकडे मुरकीला गाडीतून आलेल्यांनी पोरांना चॉकलेटं दिली म्हणून एकाचा जीव घेतला. तेव्हा शाळेच्या सुरक्षेत मला हेही हवं, की असा मेसेज आला तर हेडमास्तरांनी आधी ११२ ला किंवा ठाण्यात विचारायचं, आणि पालकांच्या ग्रुपवर एकच माणूस लिहील. बाकीच्यांनी नाही.

माझ्या बहिणीची मुलं बेंगळुरूला असतात. १ डिसेंबर २०२३ ला तिथल्या चाळीसहून जास्त शाळांना बॉम्बच्या धमकीचे ईमेल आले. खोटे निघाले. पण तिनं सांगितलं की मुलांना बाहेर काढणं सोपं गेलं, पालकांना बाहेर ठेवणं अवघड. सगळे स्कूटर घेऊन गेटवर. पोलिसांची गाडी आत जाईना. आपण घाबरून धावतो आणि आपणच रस्ता अडवतो.

वडगावकर
खरं आहे. मीही धावलो असतो.

निवृत्त गुर्जी
सूनबाईंनी महत्त्वाचं सांगितलं. त्याला जोड म्हणून एक. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यात सकाळी शाळेचं छप्पर कोसळलं, सात मुलं गेली. तिथं कुलूप नव्हतं, अफवा नव्हती, फक्त जुनी इमारत आणि पाऊस. वाडीवरचे, तुम्ही कौलं परतता तेव्हा वर चढणाऱ्या गड्याला विचारा, वासे कसे आहेत. बोटानं दाबून भुसा पडतो का. भिंतीतली फट पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहून ठेवा. फट रेघेपुढे गेली की वर्ग रिकामा करायचा आणि लेखी कळवायचं. माझ्या एका शाळेत अशा चार तारखा भिंतीवर होत्या. पाचवी लिहायच्या आधी नवी खोली मंजूर झाली. फोटोपेक्षा रेघेनं काम केलं.

बंबवाला
आणि हजेरी! सगळे विसरतात. बाहेर पळताना बाईंनी हजेरीपट घेऊन बाहेर पडायचं. मोजल्याशिवाय आत कोण राहिलं ते कळत नाही, मग कुणीतरी शूर माणूस उगाच धुरात शिरतो.

वाडीवरचा
मंडळी, धागा भरकटला म्हणून मी नाराज नाही, उलट गंजीवर घरात सगळे हसले. आता हकीकत सांगतो.

शनिवारी सकाळी एसडीएमसी बसवली. नऊ पालक आले, आमच्याकडे हे विक्रमी. हेडमास्तर आधी थोडे फुगले होते, त्यांना वाटलं तक्रार आहे. मी म्हटलं, सर, ठराव माझा होता, मीच मागे घेतो. मग ते सैल झाले.

ठरलं असं. शाळेच्या वेळेत पुढच्या गेटला कुलूप नाही, आतून कडी. कडी एवढ्या उंचीवर की मोठ्या माणसाचा हात पोचेल आणि पहिलीतल्याचा नाही. दारात आळीपाळीनं एक पालक बसणार, भरेल तेवढे दिवस. मागच्या गेटच्या विटा काढायच्या, जनावरांसाठी आडवा वासा लावायचा.

आणि सोमवारी सराव केला. घंटा तुटक तुटक वाजवली, पोरं आंब्याखाली. आमच्याकडेही आंबाच आहे, बाई, पावलं तुमचीच उसनी घेतली. १३७ पोरं, पहिल्यांदा साडेसहा मिनिटं. बाईंनी हजेरी घेतली, १३६. सगळ्यांचे चेहरे पांढरे. शोधाशोध केली तर सहावीतला एक महाशय स्वयंपाकघरात. मावशींना म्हणत होता, सगळे बाहेर गेलेत तोवर माझं अंडं सोलून द्या.

दुसऱ्यांदा चार मिनिटं. अंडेवाल्याला 'शेवटी खोल्या बघणारा' नेमलंय. आता तो कुणाला आत राहू देत नाही.

एकटी बाई
त्या पोराला माझ्याकडून एक अंडं जास्त.

बंबवाला
चार मिनिटं अजून जास्त आहेत. पण ठीक.

मार्कंडेयकाठ
आज हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन टीव्ही बघितला. चारातला एक कॅमेरा चिंचेच्या फांदीकडे बघतोय, दोन बंद. बंटी, क्रिकेट नव्हतं. मालिका होती.

वडगावकर
मूळ प्रश्न राहिलाच की. रात्री कुलूप लावणार ना? मग किल्ली कुणाकडे?

वाडीवरचा
तीन करायच्या ठरल्यात. एक हेडमास्तरांकडे, एक समोरच्या किराणा दुकानात, एक मावशींकडे. पण कुलूप जुनं अलिगढी आहे, आमच्या गावात त्याची किल्ली कुणी कापून देईना. बेळगावात कुणी ओळखीचा?

बंटी टिळकवाडी
गणपत गल्लीत बघ, कोपऱ्यावर छत्री लावून बसतात. मूळ किल्ली घेऊन जा.

वाडीवरचा
मूळ हेडमास्तरांच्या पिशवीत आहे. ते आज मीटिंगला गेलेत.